अर्ध्या ग्रॅमचा जिग विकायचा, तर भाव कसा लावायचा?



आपल्या चॅनेलवर आपण राख्या, मसाले, मेणबत्त्या, क्रोशा अशा घरगुती व्यवसायांचं कॉस्टिंग करतो. आजचा विषय जरा लांबचा आहे, आणि तो अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी प्रेक्षकांनी मागितलाय. तिकडे मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या भागात हिवाळा लांबलचक. संध्याकाळी लवकर अंधार. मग बेसमेंटमध्ये टेबल टाकून पुष्कळ जण मासेमारीचे छोटे छोटे जिग बांधत बसतात. आधी स्वतःसाठी, मग मित्रांसाठी, आणि मग कोणीतरी म्हणतं, "अरे, हे विकत का नाहीस?"

प्रश्न तिथेच सुरू होतो. वस्तू एवढीशी, नखावर मावेल एवढी. एक डॉलर सांगायलाही जीभ अडखळते. आज आपण त्याचंच उत्तर काढणार आहोत. तुम्ही नागपुरात बसून राख्या करत असाल, तरी शेवटपर्यंत वाचा. वस्तू बदलेल, पण हिशोबाची पद्धत बदलणार नाही.

एक सांगून ठेवतो. माझं दुकान हस्तकलेच्या सामानाचं आहे. पिसं, शेनील, बारीक दोरा, चमकी, तार हे माझं रोजचं. जिगला नेमकं हेच सामान लागतं. त्यामुळे यात माल किती स्वस्त पडतो आणि हात किती वेळ अडकतो, हे मला गल्ल्यावर बसून दिसतं.

जिग म्हणजे काय आणि पॅनफिश म्हणजे कोण?

जिग म्हणजे असा गळ, ज्याच्या डोळ्यापाशी धातूचं छोटं गोल डोकं असतं आणि मागच्या दांडीवर पिसं, केस किंवा दोरा बांधून किड्याचा किंवा बारीक माशाचा भास केलेला असतो. डोळा साधारणपणे दांडीला काटकोनात असतो, म्हणून तंगुसाला लटकला की जिग पाण्यात आडवा राहतो.

पॅनफिश हे एका माशाचं नाव नाही. तव्यात अख्खा मावेल अशा गोड्या पाण्यातल्या लहान माशांना अमेरिकेत सरसकट हे नाव आहे. ब्लूगिल, पम्पकिनसीड, क्रॅपी, यलो पर्च हे त्यातले नेहमीचे. ब्लूगिल डोळ्यांसमोर आणायचा असेल तर आपल्या उजनीचा चिलापी आठवा. जात वेगळी, पण अंगलट तशीच, चपटी आणि उभट. तोंड मात्र बारीक.

आता वजन. तिकडे जिगचं वजन औंसात सांगतात. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. बाजारात सहज मिळतो तो १/१६ औंस, म्हणजे सुमारे १.८ ग्रॅम. १/३२ म्हणजे ०.९ ग्रॅम. आपण बोलतोय ते त्याहून खालचं: १/६४ म्हणजे ०.४४ ग्रॅम, १/८० म्हणजे ०.३५ आणि १/१०० म्हणजे ०.२८ ग्रॅम. आपलं २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं स्टीलचं नाणं ३.७९ ग्रॅमचं आहे. त्याच्या वजनात १/६४ ची आठ डोकी बसतात, तरी थोडं वजन उरतं. सोनाराच्या भाषेत सांगायचं तर एक डोकं जेमतेम साडेतीन-पावणेचार गुंजा!

एवढा हलका कशासाठी?

विकणाऱ्याला हे माहीत पाहिजे. कारण ग्राहक विचारतो, "साध्या जिगपेक्षा याचे पैसे जास्त का देऊ?" तेव्हा उत्तर तयार हवं.

पहिलं कारण माशाच्या तोंडात आहे. ब्लूगिल चावा घेत नाही, तो ओढतो. खाण्याच्या अगदी जवळ जाऊन तोंड झटकन उघडतो, आणि आत शिरणाऱ्या पाण्याबरोबर किडा खेचला जातो. ही ओढ फार जवळूनच चालते. हलका जिग पाण्यासोबत अलगद आत जातो. जड जिग जागचा हलत नाही, आणि काहीतरी गडबड आहे असं वाटलं की मासा तोंडात घेतलेलं लगेच थुंकून टाकतो.

दुसरं कारण म्हणजे पडण्याचा वेग. क्रॅपी बहुतेक वेळा आपल्या वरच्या पातळीवर बघून खातो. जिग सावकाश खाली आला तर त्याला तो बघायला आणि यायला वेळ मिळतो. धपकन खाली गेला तर संधी गेली. आणि थंड पाण्यात मासा सुस्त असतो, तेव्हा तर सावकाशपणालाच किंमत.

तिसरं कारण खाण्याचा आकार. हे मासे पाण्यातले बारीक जीव, डासासारख्या माश्यांच्या अळ्या, मेफ्लायची पिल्लं असलं खातात. त्या आकाराच्या जवळ जायचं तर गळ ८, १०, १२ किंवा १४ नंबरचा लागतो. गळाचा नंबर जेवढा मोठा, तेवढा गळ लहान, हेही लक्षात ठेवा.

अर्थात हलक्या जिगची अडचणही ग्राहकाला आधीच सांगा. अर्धा ग्रॅम जाड तंगुसावर लांब फेकता येत नाही. त्याला दोन ते चार पौंडाचा बारीक तंगूस आणि नाजूक रॉड लागतो, किंवा वर छोटा बॉबर लावायचा. मग फेकण्याचं वजन बॉबर पुरवतो. हे पाकिटावर छापलंत तर "फेकताच येत नाही" म्हणून येणारी परतफेडीची मागणी तुम्ही आधीच थांबवलीत.

बांधायचा कसा?

साधा मॅराबूचा जिग घेऊ. मॅराबू म्हणजे अतिशय मऊ, भुरभुरीत पिसं. नाव मॅराबू करकोच्यावरून पडलंय, पण आज बाजारात मिळतात ती टर्कीची पिसं असतात. पाण्यात हा पिसारा श्वास घेतल्यासारखा हलतो, जिग जागेवर थांबलेला असला तरी.

१. गळ छोट्या व्हाइसमध्ये पक्का धरा. दांडी आडवी हवी.

२. डोक्याच्या मागून दोरा सुरू करा आणि दांडीवर एकच थर देत वाकाच्या सुरुवातीपर्यंत जा. दोरा बारीक घ्या, ७० डेनियरच्या आसपास. जाड दोऱ्याने एवढ्याशा दांडीवर गाठोडं तयार होतं.

३. मॅराबूच्या टोकाची चिमूट घ्या. बोट ओलं करून ती चपटी करा, म्हणजे पाण्यात किती उरणार ते आत्ताच दिसेल. कोरडी भरगच्च दिसते, ओली झाली की काडी होते. शेपटीची लांबी दांडीएवढी किंवा दीडपट ठेवा. त्याहून लांब ठेवलीत तर मासा शेपटी ओढतो आणि गळ बाहेरच राहतो.

४. पिसाचा बुडखा लगेच कापू नका. दांडीवर डोक्यापर्यंत नेऊन दोऱ्याखाली दाबा. त्यामुळे अंग एकसारखं होतं आणि मध्ये खड्डा पडत नाही.

५. त्यावर सर्वांत बारीक शेनील गुंडाळा, किंवा नुसत्या दोऱ्याचं अंग करून वर बारीक तार फिरवा. १/१०० साठी नुसता दोरा पुरतो.

६. डोक्याच्या मागे व्हिप फिनिशची गाठ मारा, दोरा कापा आणि गाठीवर सिमेंटचा किंवा पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब द्या.

संपल्यावर तीन गोष्टी तपासा. गळाचं तोंड मोकळं आहे का? शेनील फुगून दांडी आणि टोक यांच्यातली जागा भरली असेल, तर मासा अडकणार नाही. डोळ्यात रंग गेलाय का? थंडीत बधिर बोटांनी रंग खरवडायला लावलंत, तर ग्राहक दुसऱ्यांदा तुमच्याकडे येत नाही. आणि लटकवल्यावर जिग आडवा राहतो का?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पडण्याचा वेग फक्त धातूवर ठरत नाही, बांधणीवरही ठरतो. त्याच ०.४४ ग्रॅमच्या डोक्यावर भरगच्च पिसं बांधलीत तर जिग छत्रीसारखा सावकाश उतरेल, विरळ बांधलीत तर पटकन. म्हणजे एका पाकिटातल्या पाच जिगांवर पिसं कमी-जास्त असतील, तर तुम्ही ग्राहकाला पाच वेगवेगळ्या वस्तू दिल्यात. हाताने बांधलेल्या मालाची खरी परीक्षा इथे आहे. एक सुंदर जिग कोणीही बांधेल. पन्नासावा जिग पहिल्यासारखा पडला पाहिजे.

शंभर नग, एकसारखे

त्यासाठी एकेक जिग पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधायची सवय सोडा. बॅच लावा.

आज फक्त डोकी रंगवायची. पावडर पेंट वापरत असाल तर डोकं तापवून पावडरमध्ये बुडवायचं, डोळा मोकळा करायचा आणि मग सगळी एकदम ओव्हनमध्ये भाजायची. स्वयंपाकाचा ओव्हन नाही, वेगळा छोटा. उद्या फक्त पिसांच्या चिमट्या करून ट्रेवर मांडायच्या आणि शेनील मापाने कापायचं. परवा बांधणी, एका बैठकीत एकच रंग आणि एकच वजन. शेवटी सगळ्यांना सिमेंट एकदम.

बायका दिवाळीत करंज्या करतात तसं हे आहे. एक जण लाटतो, एक भरतो, एक काततो. एकटीनेच करायच्या असतील तरी आधी सगळ्या लाट्या करून घेतात. एक करंजी लाटली, भरली, तळली, मग दुसरी, असं कोणी करत नाही.

सोबत दोन वस्तू ठेवा. एक नमुना कार्ड, त्यावर प्रत्येक प्रकारचा एक आदर्श जिग टोचून ठेवलेला, दर दहा नगांनंतर त्याच्याशी ताडून बघायला. आणि दुसरी म्हणजे ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा, सोनार वापरतो तसा. दहा-दहाचं वजन करा. फरक दिसला तर हात कुठे सैल पडला ते लगेच कळतं.

आता हिशोब, आणि इथे जरा शांतपणे वाचा

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेत. तुमची बिलं घ्या आणि तुमचे आकडे घाला.

एका जिगचा माल:
- गळासह डोकं: २० सेंट
- पिसं, शेनील, दोरा: ७ सेंट
- रंग आणि सिमेंट: ३ सेंट
- पाकीट, कार्ड, लेबल यांचा वाटा: ५ सेंट

एकूण ३५ सेंट. हे बघून माणूस म्हणतो, "वा! एक डॉलरला विकला तर ६५ सेंट सुटले!"

थांबा. अजून तीन जण हात पसरून उभे आहेत.

पहिला म्हणजे विक्रीचा खर्च. ऑनलाइन विकलं तर प्लॅटफॉर्म आणि पेमेंटचे मिळून धरा १० टक्के. गेले १० सेंट.

दुसरा म्हणजे सरकार. अमेरिकेत मासेमारीच्या सामानावर केंद्राचा एक्साइज टॅक्स आहे, आणि कृत्रिम आमिषांवर तो १० टक्के आहे. तो बनवणाऱ्याने भरायचा असतो. बेसमेंटमध्ये बसून जिग बांधून विकणारा माणूसही यात बनवणाराच. अजून धरा १० सेंट.

तिसरे तुम्ही स्वतः. तुमची मिनिटं.

एक डॉलरमधून १० आणि १० गेले, ८० राहिले. मालाचे ३५ गेले, ४५ सेंट उरले. आता रंगवणं, बांधणं, सिमेंट, पॅकिंग हे सगळं धरून एका जिगला पाच मिनिटं लागत असतील, तर तासाला बारा नग. बारा गुणिले ४५ सेंट म्हणजे तासाला ५ डॉलर ४० सेंट.

अमेरिकेत केंद्राचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७ डॉलर २५ सेंट आहे. म्हणजे एक डॉलरला जिग विकून तुम्ही स्वतःला कायद्याच्या किमान मजुरीपेक्षाही कमी देताय. दुसऱ्या माणसाला एवढ्या पैशात कामावर ठेवलंत तर तो गुन्हा होईल. स्वतःला ठेवलंत तर कोणी विचारत नाही, हाच घरगुती व्यवसायाचा सापळा आहे.

आता बॅच लावली आणि वेळ तीन मिनिटांवर आला असं धरू. तासाला वीस नग, वीस गुणिले ४५ म्हणजे ९ डॉलर. बरं झालं, पण पुरेसं नाही.

आता वेळ तीनच मिनिटं, भाव दीड डॉलर. १५ सेंट विक्रीखर्च, १५ कर, उरले १२० सेंट. माल ३५ वजा केला की ८५ सेंट. तासाला वीस नग म्हणजे १७ डॉलर. आता याला काम म्हणता येईल.

बघा, माल एका सेंटानेही स्वस्त झाला नाही. वेळ आणि भाव, दोनच गोष्टी बदलल्या आणि ५.४० चे १७ झाले. उलट पिसांवर एक सेंट वाचवायला तुम्ही चार दुकानं पालथी घातलीत, तर तासाला वीस सेंट वाचले आणि अख्खी संध्याकाळ गेली.

स्थानिक बेट शॉपला माल द्यायचा असेल तर गणित वेगळं. दुकानदाराने ४० टक्के ठेवले असं धरा. दीड डॉलरच्या जिगचे तुम्हाला ९० सेंट मिळणार. कर ९, माल ३५, उरले ४६ सेंट. तासाला ९ डॉलर २० सेंट. मी स्वतः दुकानदार आहे, म्हणून सांगतो, दुकानदार लुटत नाही. तो भाडं भरतो, माल मांडून ठेवतो आणि ग्राहकाशी बोलतो. पण तुमचा भाव ठरवताना त्याचा वाटा पहिल्यापासून धरलेला पाहिजे. आधी ऑनलाइन एक डॉलरला विकून बसलात, तर नंतर दुकानदाराला काय देणार?

कर, शिसं आणि पिसं: तीन ठिकाणी सावध

कराचं थोडं अजून. हा एक्साइज टॅक्स १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याशी जोडलेला आहे. त्यातून येणारा पैसा राज्यांना माशांचं संवर्धन आणि मासेमारीच्या सोयी यांसाठी दिला जातो. तो फॉर्म ७२० वर दर तिमाहीला भरतात. ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारी या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. थेट ग्राहकाला विकताना कर कोणत्या किमतीवर मोजायचा याचे वेगळे नियम आहेत. आपण वर पूर्ण किमतीवर धरलाय, म्हणजे सावध बाजूने. नेमकं अकाउंटंटकडून समजून घ्या. शिवाय वर्षाचा निव्वळ नफा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त झाला की सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचा हिशोबही द्यावा लागतो.

आता शिसं. जिगची डोकी परंपरेने शिशाची. पण लून नावाचा पाणपक्षी तळातले खडे गिळताना किंवा मासा खाताना शिशाचा तुकडा गिळतो आणि विषबाधेने मरतो. म्हणून काही राज्यांनी बंदी घातली आहे. न्यू हॅम्पशरमध्ये एक औंस किंवा कमी वजनाच्या शिशाच्या जिगची विक्री आणि वापर दोन्ही बंद. मॅसॅच्युसेट्समध्ये आतल्या गोड्या पाण्यात एक औंसाखालचं शिसं वापरता येत नाही. आपले सगळे जिग त्या मर्यादेच्या खूप आत येतात. ऑनलाइन विकताना पार्सल कुठल्या राज्यात चाललंय ते बघावं लागेल.

पर्याय दोन, आणि दोन्हींत वजनाची गंमत आहे. टंगस्टन शिशाच्या सुमारे १.७ पट घन असतं. त्याच आकाराचा टंगस्टनचा मणी घेतलात तर १/६४ चा जिग जवळपास १/३८ होतो. लेबल बदललं नाहीत तर ग्राहकाला चुकीचं वजन दिलंत. बर्फाला भोक पाडून मासेमारी करणाऱ्यांना मात्र टंगस्टन आवडतं, कारण आकार बारीक आणि खाली पटकन पोचतं. कथील याच्या उलट. ते शिशाच्या जेमतेम दोन-तृतीयांश वजनाचं. १/६४ च्या साच्यात कथील ओतलंत तर डोकं सुमारे १/१०० चं निघतं. म्हणजे शिसंही गेलं आणि अतिहलका जिगही मिळाला, तोही नवीन साचा न घेता. शिसंच वापरणार असाल तर ते स्वयंपाकघरात वितळवू नका, लहान मुलं घरात असतील तर अजिबात नाही, आणि काम झालं की हात साबणाने धुवा.

तिसरं, पिसं. अंगणात पडलेलं सुंदर पीस उचलून बांधावंसं वाटतं. पण अमेरिकेत १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे. ब्लू जे, कावळा, घुबड, बगळा अशा रानपक्ष्यांची पिसं जवळ ठेवणं आणि विकणं, गळून पडलेली असली तरी, त्यात येतं. टर्की आणि कोंबडीची विकत घेतलेली पिसं चालतात. अजून एक गोष्ट. मोरपिसाचे तंतू जिगला फार छान दिसतात, म्हणून कोणी "आई येताना घेऊन येईल" असा बेत करत असेल, तर तो सोडा. भारतातून मोरपिसं बाहेर नेण्यावर बंदी आहे. अमेरिकेत पाळीव मोरांची पिसं मिळतात, तीच घ्या.

व्हिसाचं आधी बघा, मग दुकान उघडा

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण इथे पणाला लागतं ते चाळीस-पन्नास डॉलरपेक्षा खूप मोठं आहे.

एच-१बी वर असलेला माणूस ज्या कंपनीने अर्ज केलाय तिच्यासाठीच काम करू शकतो. बाजूला जिग बांधून विकणं हे परवानगीशिवायचं काम ठरू शकतं. एच-४ वर असलेल्या जोडीदाराला काम करण्यासाठी आधी ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र लागतं. २०१५ पासून ठरावीक अटींत बसणाऱ्या एच-४ जोडीदारांना ते मिळतं, सगळ्यांना नाही. "छंदच तर आहे, पाच-दहा पाकिटं विकली तर काय बिघडलं?" असं मनात येतं. पण पुढे ग्रीन कार्डच्या वेळी हाच प्रश्न समोर येऊ शकतो. स्वतःसाठी बांधा, मित्रांना भेट द्या, शिकत राहा. पहिलं पाकीट विकण्याआधी मात्र इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. एका सल्ल्याची फी वर्षभराच्या जिगच्या नफ्यापेक्षा जास्त वाटली, तरी द्या.

काय विकायचं, कोणाला आणि केव्हा?

कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त मालाशी भावात लढू नका. तिथे तुम्ही हरणार. मोठ्या दुकानांत १/१६ आणि १/३२ ने भिंती भरलेल्या असतात. तुमची जागा त्याच्या खाली आहे, १/६४, १/८०, १/१०० मध्ये.

एकेक नग विकण्यापेक्षा संच करा. उदाहरणार्थ एकच रंग, तीन वजनं, प्रत्येकी दोन नग. ग्राहक पाण्यावर उभा राहून ठरवतो, आज वारा आहे, जरा जड लावू. आज मासा सुस्त आहे, सर्वांत हलका लावू. त्याला ही निवड तुमच्या पाकिटातून मिळाली, की तो जिग विकत घेत नाही, उपाय विकत घेतो. उपायाला भाव मिळतो.

रंग सुरुवातीला चारच ठेवा: काळा-पोपटी, गुलाबी-पांढरा, पूर्ण काळा, पूर्ण पांढरा. दर नवीन रंगामागे नवीन स्टॉक पडून राहतो, हे कोणत्याही साडीच्या दुकानदाराला विचारा.

वेळापत्रकही बघा. क्रॅपी वसंतात उथळ पाण्यात येतो, पाणी साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस झालं की. दक्षिणेत, म्हणजे मिसिसिपीचं ग्रेनाडा लेक वगैरे भागात, हा हंगाम आधी येतो. उत्तरेत तो उशिरा येतो, आणि त्याआधी बर्फावरची मासेमारी असते. म्हणजे तुमचा हिवाळा बांधण्याचा, आणि विक्री दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाणार. एकाच जागेच्या हंगामावर अवलंबून राहिलात तर दोन महिने धावपळ आणि दहा महिने डबे भरलेले.

आणि मर्यादा ओळखा. तासाला वीस नग, महिन्याला चाळीस तास दिलेत तर आठशे जिग. १७ डॉलरच्या हिशोबाने ६८० डॉलर. पण आठशे जिग दर महिन्याला घेणारे ग्राहक आहेत का? नसतील तर शंभरच बांधा, ८५ डॉलर मिळवा आणि त्याला जोडधंदा म्हणा. त्यात कमीपणा नाही. नोकरी सोडायचा विचार मात्र आठशे खरोखर विकले गेल्यावर करा. नुसते बांधून झाल्यावर नको.

आजचा गृहपाठ

मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि दहा जिग करा. रंगापासून पाकिटापर्यंत. फोन आला तर घड्याळ बंद करू नका, कारण रोजच्या कामात फोन येणारच. एकूण मिनिटांना दहाने भागा. खराब निघालेले नग बाजूला काढा, पण त्यांची मिनिटं आणि माल हिशोबात ठेवा.

मग एका कागदावर चार ओळी लिहा: माल, विक्रीखर्च, कर, मिनिटं. विकायच्या भावातून पहिल्या तीन वजा करा आणि उरलेल्याला मिनिटांनी भागून साठने गुणा. तो तुमचा तासाचा पगार. तो आकडा स्वतःच्या बायकोला, नवऱ्याला किंवा मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना आवाज खाली गेला तर भाव वाढवा किंवा वेळ कमी करा.

राखी करणाऱ्या ताईंनी जिगच्या जागी राखी लिहावी, क्रोशावाल्यांनी तोरण. काट्यावर वस्तूचं वजन होतं, तुमच्या संध्याकाळचं होत नाही. ते कागदावरच करावं लागतं.

पुढच्या व्हिडिओत आपण हेच चार ओळींचं कोष्टक मोबाइलवर कसं बनवायचं ते बघू. तोपर्यंत दहा नग करा, आकडा काढा आणि जपून ठेवा, कारण पहिला प्रश्न मी तोच विचारणार आहे.

भेटू या लवकरच!